मुठीत मावणारी जग्वार

मुक्ताईनगर : सुरतेहून निघालेला आणि धुळे, जळगाव, भुसावळ, नागपूर असा मजल दरमजल करीत कोलकात्याला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग मुक्ताईनगरातून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता या भागात तो ५३ झाला आहे. येथूनच बऱ्हाणपूरमार्गे इंदूरकडे जाणारा रस्ता फुटतो. गावाचे एदलाबाद हे जुने नाव मागे पडून कित्येक वर्षे लोटली, तरी त्या रस्त्याला इंदूर-एदलाबाद रस्ता असेच म्हणण्याची सवय सुटलेली नाही. केळी आणि कापूस वाहणाऱ्या मालमोटारींच्या या वाटेवर एखादी जुनी स्पोर्ट्स कार धावताना दिसण्याचा योग विरळाच. तथापि, अशा मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींचा भारतातील इतिहास शोधू गेल्यास त्याचे धागे नेमके याच दोन रस्त्यांच्या टोकांशी जाऊन पोहोचतात. कोलकात्यात एके काळी ब्रिटिश साच्यांमधून जग्वार मोटारी ओतल्या जात होत्या. इंदूरच्या राजवाड्यात, ज्यांच्या प्रतिकृती आज जगभर कपाटांत मांडल्या जातात, त्या जातीची अस्सल मोटार उभी होती.

या छोट्या मोटारींकडे आपल्याकडे बराच काळ निव्वळ खेळणे म्हणून पाहिले गेले. मुलगा मोठा झाला की त्या धाकट्या भावाकडे, तेथून भाचरांकडे आणि शेवटी रद्दी-भंगारवाल्याकडे जात. त्यामुळे १९६०-७० च्या दशकांत भारतात तयार झालेल्या कित्येक प्रतिकृती आज मूळ रंगात आणि मूळ खोक्यात मिळणे अत्यंत कठीण झाले आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांमध्ये त्या अधूनमधून सापडतात. परंतु सापडल्यानंतर काय करावे याची माहिती नसल्याने, त्यातील बहुतेकांचे नुकसान नेमके सापडल्यानंतरच होते.

खेळणे कोठे संपते?

महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या मुक्ताई-चांगदेव यात्रेत प्लॅस्टिकच्या मोटारींचे ढीग लागतात. त्यांना चाके असतात, खिडक्या असतात, क्वचित दिवेही लागतात. पण ती कोणती मोटार, असे विचारल्यास दुकानदाराला सांगता येत नाही. संग्राहकांच्या दृष्टीने प्रतिकृती वेगळी ठरते ती याच मुद्द्यावर. ती एका विशिष्ट मोटारीची, विशिष्ट वर्षाच्या रूपाची आणि ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली आकृती असते.

हे प्रमाण १:१८, १:२४, १:४३, १:६४ असे लिहिले जाते. १:४३ म्हणजे मूळ मोटारीची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४३ पटींनी कमी केलेली. उदाहरणार्थ, जग्वार ई-टाइप ही मोटार सुमारे ४.४५ मीटर लांब आहे. १:१८ प्रमाणात ती साधारण पावणेपंचवीस सेंटिमीटरची होते, १:४३ मध्ये दहा सेंटिमीटरच्या किंचित पुढे, तर १:६४ मध्ये जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावेल इतकी.

१:४३ हा अडनिडा आकडा आला कोठून, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आगगाडीत आहे. ब्रिटनमधील 'ओ' गेज खेळण्याच्या रेल्वेत मूळच्या एका फुटाला सात मिलिमीटर असे माप धरले जात असे. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात. त्याला सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. या आगगाड्यांच्या स्थानकांशेजारी उभ्या करण्यासाठी ज्या मोटारी निघाल्या, त्यांनी हेच माप उचलले. आगगाडी मागे पडली, माप मात्र टिकले. (पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे असेल, तर महाराष्ट्रात यापेक्षा चांगली जागा नाही.)

लिव्हरपूलपासून सुरुवात

ओतीव धातूच्या छोट्या मोटारी अमेरिकेत 'टूट्सीटॉय' या नावाने आधीपासून मिळत होत्या. परंतु त्यांना जगभर लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीला द्यावे लागते. फ्रँक हॉर्नबी यांच्या या कंपनीने १९३३ मध्ये रेल्वेच्या जोडीला काही छोटी वाहने काढली आणि १९३४ मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये लेस्नी कंपनी स्थापन झाली. तिचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. वडिलांनी तेवढ्याच आकाराचा एक रोडरोलर करून दिला आणि त्यातून १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मालिका जन्माला आली. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीने 'कॉर्गी टॉइज' बाजारात आणल्या. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे खिडक्यांना पारदर्शक काचा. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तोवर खिडकीच्या जागी नुसते भोक असे.

स्पोर्ट्स कारचा या धंद्याला खरा हातभार लागला तो येथून पुढे. कुटुंबाच्या साध्या मोटारी मुलांना रस्त्यावर दिसतच होत्या. जी मोटार वडील कधीच घेणार नाहीत, ती हवीशी वाटणे साहजिक होते. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वार ई-टाइप प्रथम दाखविली गेली. माल्कम सेयर यांनी विमानविद्येतील गणिताच्या आधारे आखलेला तिचा लांब नाकाचा आकार पाहून मोटारजगत चकित झाले. पाठोपाठ डिंकी, कॉर्गी आणि मॅचबॉक्स या तिघांच्याही ई-टाइप बाजारात आल्या. १९६५ मध्ये कॉर्गीने जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी-५ काढली. बटण दाबताच छप्पर उघडून शेजारची व्यक्ती बाहेर फेकली जाण्याची करामत त्या चिमुकल्या मोटारीत होती आणि तिचा खप लाखांच्या घरात गेला. चित्रपटातील मोटार चंदेरी होती, कॉर्गीची मात्र सोनेरी. चंदेरी रंग दिल्यास मोटार बिनरंगाची, नुसत्या धातूची वाटेल, अशी कंपनीला धास्ती होती असे सांगितले जाते.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' आणल्या आणि सारे चित्र पालटले. बारीक आसांवर फिरणारी त्यांची चाके इतकी सुळसुळीत धावत की ब्रिटिश मोटारी त्यांच्यापुढे बैलगाड्या ठरल्या. मॅचबॉक्सला पुढच्याच वर्षी आपली चाके बदलावी लागली. तरीही घसरण थांबली नाही. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, लेस्नी १९८२ मध्ये बुडाली आणि मेटॉयने १९८३ मध्ये मान टाकली. मॅचबॉक्सचे नाव १९९७ पासून मॅटेलकडे आहे, कॉर्गीचे २००८ पासून हॉर्नबीकडे.

याच पडझडीतून संग्रहाची बाजारपेठ उभी राहिली. लहानपणी जी मोटार दुकानाच्या काचेआड पाहून परत फिरावे लागले, ती चाळिशीत पगाराच्या पैशातून घेणारा वर्ग तयार झाला. त्याच्यासाठी इटलीच्या बुरागोने १:१८ च्या मोठ्या आणि परवडणाऱ्या फेरारी काढल्या. जर्मनीत १९९० मध्ये मिनिचॅम्प्स व १९९५ मध्ये सीएमसी या कंपन्या आल्या. सीएमसीच्या काही मोटारींत चाकांच्या तारा हाताने ओवलेल्या असतात, बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या नळ्यासुद्धा वेगळ्या दिसतात. अशा मोटारीची किंमत चांगल्या दुचाकीच्या निम्म्याला भिडू शकते. ज्यांना हे वेड वाटते त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. फेरारी २५० जीटीओ या मोटारी १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ बनल्या. त्यातील एक ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली.

महामार्गाच्या त्या टोकाला

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत भारतात परदेशी खेळणी आयात करणे जवळपास अशक्य होते. परवाने, परकीय चलनाची टंचाई आणि चढे शुल्क यांमुळे डिंकी किंवा कॉर्गी भारतात येत ती विलायतेहून परतणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातूनच. यावर तोडगा निघाला तो असा की मोटारी येऊ शकत नसतील, तर साचे येऊ द्यावेत. ब्रिटनमध्ये जी रूपे जुनी झाली होती, त्यांचे पोलादी साचे भारतात आले आणि कोलकात्यात त्यांतून पुन्हा मोटारी ओतल्या जाऊ लागल्या.

डिंकीचे साचे कोलकात्याच्या ॲटॅम्को या कंपनीकडे आले. 'डिंकी' हे नाव वापरता येत नसल्याने त्या मोटारींचे नामकरण 'निकी टॉइज' असे झाले. त्यात जग्वार ई-टाइपचाही समावेश होता. तळपटावरील मूळ अक्षरे काही ठिकाणी बुजविलेली, काही ठिकाणी बदललेली दिसतात. कॉर्गीच्या साच्यांवरून 'मिल्टन' आणि मॅचबॉक्सच्या धर्तीवर 'मॅक्सवेल' या नावांच्या मोटारीही कोलकात्यातूनच निघाल्या.

दर्जाच्या बाबतीत या मोटारी मूळ ब्रिटिश मालाशी स्पर्धा करू शकत नव्हत्या, हे मान्य केले पाहिजे. साचे झिजलेले असल्याने कडा बोथट येत, रंगाचा थर जाड बसे, खोक्याचा पुठ्ठा पातळ असे. मात्र आज संग्राहक त्यांच्यामागे लागतात ते याच दोषांमुळे. लिव्हरपूलला जो रंग कधीच दिला गेला नाही, तो कोलकात्यात हाताशी असलेल्या डब्यातून दिला गेला. एकाच मोटारीचे चार-चार रंग आढळतात. व्यवस्थित यादी कोणी ठेवली नाही, त्यामुळे अमुक रंग होता की नव्हता यावर युरोपातील जाणकारही वाद घालतात. परक्या देशातील संग्राहकांनी भारतीय मालाची नोंद करावी आणि भारतात मात्र तो भंगारात जावा, ही परिस्थिती खेदजनक आहे.

महामार्गाच्या पश्चिम अंगाला, मुंबईत, पुढचा अध्याय घडला. व्हीआयपी बॅगांमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या ब्लो प्लास्ट कंपनीची खेळणी 'लिओ' या नावाने येत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेलशी तिचे सहकार्य झाले आणि 'लिओ मॅटेल' या छापाखाली हॉट व्हील्स भारतातच बनू लागल्या. पाकिटावर तीच ज्वालांची खूण. पण रंग आणि पट्टे निराळे, अमेरिकेत कधीच न दिसलेले. ज्यांचे बालपण १९९० च्या आसपास जळगाव, भुसावळ, धुळ्यात गेले, त्यांना वाढदिवसाला मिळालेल्या त्या मोटारी आठवत असतील. आज लिओची न उघडलेली पाकिटे परदेशातील संग्राहक मागवून घेतात.

या साऱ्या हकिकतीतील एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. ज्या जग्वारचा झिजलेला साचा मिळविण्यात भारतीय खेळणी उद्योग समाधान मानीत होता, ती जग्वार कंपनीच २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली.

इंदूरची ड्यूसेनबर्ग

आता दुसरा रस्ता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांची कारकीर्द १९२६ पासून संस्थान विलीन होईपर्यंतची. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट म्युथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणाऱ्या या तरुण राजाला आधुनिक रचनेची विलक्षण जाण होती आणि ती मोटारींच्या निवडीतही उतरली. त्यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही सुपरचार्जर असलेली मोटार घेतली. आठ सिलिंडरचे सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, कंपनीच्या दाव्यानुसार ३२० अश्वशक्ती. सांगाडा अमेरिकेचा, त्यावरचा देह मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडविलेला. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, केशरी आणि काळा रंग. त्या काळी अशा आकाराच्या मोटारीत दोनच माणसे बसावीत यातच तिचा राजेशाही थाट होता.

ही मोटार पुढे अमेरिकेत गेली. ड्यूसेनबर्ग कंपनी तर १९३७ मध्येच बंद झाली होती. ज्याला ती पाहायची आहे त्याला अमेरिकेतील एखाद्या प्रदर्शनात जाण्याचा योग जुळवावा लागेल किंवा प्रतिकृतीचा आधार घ्यावा लागेल. ड्यूसेनबर्गच्या प्रतिकृती अनेक कंपन्यांनी काढल्या. मॅचबॉक्सच्या 'यस्टरइयर' मालिकेतही एक होती. एखाद्या हौशी कारागिराने अशी तयार प्रतिकृती घेऊन तिच्यावर होळकरांचा केशरी-काळा रंग चढविला, तर त्याला संग्राहकांच्या भाषेत 'कोड ३' म्हणतात. कंपनीने स्वतः बनवून रंगविलेली ती 'कोड १', कंपनीच्या परवानगीने दुसऱ्याने बदललेली 'कोड २' आणि परवानगीविना बदललेली 'कोड ३'. तसे करणे गैर नाही. परंतु विकताना ते सांगितले नाही, तर ती फसवणूक होते.

धातूचा दुर्धर रोग

या मोटारी पितळेच्या किंवा लोखंडाच्या नसतात. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम, तांबे मिसळून 'झमॅक' नावाचा मिश्रधातू तयार होतो. तो चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि क्षणात थिजतो. त्यामुळे एकाच पोलादी साच्यातून हजारो नग निघू शकतात. त्यानंतर कडा साफ करणे, रंग देणे, रबरी ठशाने दिवे-पट्टे उमटविणे आणि तळपट रिव्हेटने बसविणे ही कामे होतात.

ओतकामाची एक मर्यादा मात्र सुटत नाही. धातू फार पातळ ओतता येत नाही. १:४३ च्या मोटारीतील एक मिलिमीटर जाडीचे दार खऱ्या मोटारीत सव्वाचार सेंटिमीटरहून जाड भरेल! म्हणूनच उघडणारी दारे असलेली छोटी प्रतिकृती कित्येकदा बेढब दिसते आणि दारे बंद ठेवलेली अधिक खरी वाटते. ई-टाइपच्या मूळ चाकात ७२ तारा असतात. मुठीएवढ्या मोटारीत त्या दाखवायच्या तर धातूच्या पातळ पत्र्यावर आम्लाने कोरून काढाव्या लागतात. अलीकडे १:४३ मध्ये राळेच्या प्रतिकृती वाढल्या आहेत. त्यांत दारे उघडत नाहीत, पण रेषा अधिक नेमक्या येतात. हातात घेतल्यावर धातूचे वजन जाणवत नाही, ही जुन्या संग्राहकांची तक्रार रास्त आहे.

झमॅकचे खरे दुखणे वेगळेच आहे. मिश्रणात शिसे किंवा कथील यांचा अंशमात्र जरी शिरला, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज सुरू होतो. याला 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताची कीड असे म्हणतात. वर रंग शाबूत दिसतो, मात्र मोटार हळूहळू फुगते, लांबीला वाकते, तिला केसाएवढ्या भेगा पडतात आणि एके दिवशी बोटांच्या दाबाने तिचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी अशाच नष्ट झाल्या. कारखान्यात खाली पडलेले शिशाचे तुकडे कढईत गेले, एवढेच निमित्त त्याला पुरे होते. या रोगावर उपाय नाही. उष्णता आणि दमटपणा यांत तो बळावतो, म्हणून त्याची गती कमी करणे एवढेच हाती राहते.

खानदेशातील संग्राहकांनी या बाबीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर तो किती चढत असेल याची कल्पना केलेली बरी. त्यापाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. म्हणजे ट्रंकेतील मोटारींना एका वर्षात दोन्ही जाच सोसावे लागतात. माळ्यापेक्षा घरातील खालच्या खोलीतील, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले, काच लावलेले कपाट केव्हाही चांगले. काचेवर थेट ऊन पडू देऊ नये. लाल रंग सर्वांत आधी उडतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. मऊ चाके प्लॅस्टिकच्या तळावर वर्षानुवर्षे टेकून राहिली तर त्यांतील रसायन तळाला चिकटते, तेव्हा मोटारीखाली एखादी पातळ पट्टी देऊन चाके किंचित अधांतरी ठेवणे इष्ट. एक सूचना वृत्तपत्रानेच करावी हे काहीसे विचित्र, पण आवश्यक आहे : मोटारी वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. हा कागद आम्लयुक्त असतो आणि शाईही उतरते.

सापडलेली मोटार

जुन्या घरात अशी मोटार हाती लागल्यास पहिला मोह होतो तो चकचकीत करण्याचा. तो आवरावा. थिनर, रॉकेल, चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, एवढेच. उडालेल्या रंगावर नवा रंग मारला की मोटार डोळ्यांना बरी दिसते, परंतु संग्राहकाच्या लेखी तिचे मोल बहुतांशी संपते. खरचटलेला मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा नेहमीच अधिक किमतीचा असतो.

त्यानंतर मोटार उलटी करून तळपट वाचावे. कंपनीचे नाव, देश आणि क्रमांक तेथेच असतात. रिव्हेट मूळचे आहे की ते कापून स्क्रू बसविला आहे, हे पाहावे. स्क्रू दिसला तर मोटार कधीतरी उघडली गेली आहे. चाके मूळची आहेत का, विंडस्क्रीन पिवळी पडली आहे की नवी आहे, याकडेही लक्ष द्यावे. खोके असेल तर ते फाटके असले तरी टाकू नये. पुष्कळदा किमतीचा मोठा वाटा त्या पुठ्ठ्याचाच असतो, आणि म्हणूनच आजकाल खोक्यांच्या हुबेहूब नकला छापून मिळतात. त्या नकला म्हणून विकल्या जातात तोवर हरकत नाही. जुन्या डिंकीचे नव्याने काढलेले अवतारही बाजारात आहेत. ॲटलस एडिशन्सची अशी मालिका निघाली होती. नवशिक्याने ती मूळ समजून घेतली, तर दोष विक्रेत्याचा की घाईचा, हे सांगणे कठीण.

आणखी एका गोष्टीची जाणीव ठेवणे जरुरीचे आहे. जुन्या मोटारींच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. त्यामुळे आजोबांची डिंकी नातवाला दाखवावी, पण जो प्रत्येक वस्तू तोंडात घालतो त्याच्या हाती देऊ नये.

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला आज सर्वांत सुलभ आहेत त्या १:६४ च्या हॉट व्हील्स. साधी पाकिटे दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतात. कंपनी त्यात १९९५ पासून 'ट्रेझर हंट' नावाचे मोजके विशेष नग मिसळते. परिणामी मोठ्या शहरांतील दुकानांत खोकी उघडताच ठरावीक मंडळी ते उचलून नेतात आणि दुप्पट-चौपट भावाने विकतात. मुलासाठी एखादी मोटार घ्यायला आलेल्या पालकाच्या वाट्याला उरलेसुरले येते. हौसेचा व्यापार झाला की असे घडतेच, तरी त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही.

मोठ्या आणि महागड्या प्रतिकृतींची वाट अधिक अवघड झाली आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू होऊन खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. निकृष्ट आणि विषारी खेळणी मुलांच्या हाती पडू नयेत हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खेळणी एकाच शीर्षकाखाली येतात. जी मोटार पन्नाशीतील माणूस कपाटात ठेवण्यासाठी मागवितो, तिचीही गणना बाहुल्या आणि खुळखुळ्यांबरोबर होते. परदेशातून मागविण्यापूर्वी शुल्काचा हिशेब करणे आणि विक्रेत्याने त्यात काय धरले आहे हे लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

कोलकात्याच्या निकी किंवा मिल्टन, मुंबईच्या लिओ यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या देशातच आहेत. घर पाडण्यापूर्वी, वाडा विकण्यापूर्वी माळा रिकामा केला जातो तेव्हा तांब्या-पितळेची भांडी बाजूला निघतात, उरलेले सामान वजनावर जाते. जस्ताची मोटार वजनाला भरत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी घासाघीसही करीत नाही. ट्रंकेच्या तळाशी चाके असलेले काही हाताला लागले, तर ते ढिगात टाकण्याआधी एकदा उलटे करून, भिंगाखाली धरून तळपटावरील अक्षरे वाचायला दोन मिनिटे पुरतात.